ओव्हनमधला पांढरा तुकडा

— नाही नाही, तुम्ही थांबायची खरंच गरज नाही, हे काही ताबडतोब होणारं काम नाही, तुकडा आत ठेवलाय, तो आता रात्रभर सुकेल, उद्या सकाळी आल्या आल्या मी मोजेन आणि आकडा थेट तुमच्या कंपनीला कळवेन — तुम्ही इथे बसून त्या ओव्हनकडे बघत राहिलात म्हणून तो लवकर सुकणार आहे का? नाही ना. मग. घरी जा, पडा जरा. डॉक्टरांनी हात उंच ठेवायला सांगितला असेल — हो ना? — मग तो असा मांडीत का घेऊन बसलाय, या टेबलावर ठेवा, उशी नाहीये इथे पण ही जाड फाइल घ्या खाली. असू दे, असू दे, जुनी आहे, तिचा आता तेवढाच उपयोग. आणि खुर्चीवर जरा सांभाळून, तिचा पुढचा एक पाय आखूड आहे, बसणारा प्रत्येक जण एकदा दचकतोच.

नाही जायचं म्हणता? बरं, बसा, मी कोण नाही म्हणणारा. फक्त त्या पेटीपासून लांब — ती, पारदर्शक झाकणाची, सूं सूं करतेय ती — तिच्यात सारखी कोरडी हवा सोडलेली असते, तिला आपला श्वाससुद्धा चालत नाही. थट्टा नाही करत. बोलताना आपल्या तोंडातून वाफ जाते, दिसत नाही पण जाते, आणि आम्ही जी लहर वापरतो ती पाण्याला भारी भिते, वाफ भेटली की वाटेतच गळाठते. म्हणून तर भिंतीवर ती पाटी, मापन चालू असताना बोलू नये. मीच लावलीय. आणि तसा मी बोलणारा माणूस नाहीच हो, या खोलीत इतकी वर्षं काढली की जीभ आपोआप जड होते, घरी बायको म्हणते तुमच्याशी बोलण्यापेक्षा फ्रीजशी बोललेलं बरं, तो निदान मधूनमधून गुरगुरतो. आज काय झालंय कोण जाणे. तुम्ही गप्प बसलात की मला बोलावंसं वाटतंय.

काय चालतं इथे ते तरी सांगतो, म्हणजे तुम्हाला उगाच काही जादूटोणा वाटायला नको. आमच्या कामाला मोठं भारदस्त नाव आहे — टेराहर्ट्झ लहरींवर पदार्थांचे परावैद्युत गुणधर्म मोजणं — लग्न ठरताना सासऱ्यांना सांगितलं तर त्यांची समजूत अशी की जावई विजेच्या कचेरीत आहे, शेवटपर्यंत मला घरातला फ्यूज बघायला बोलवायचे, आणि मी जायचो. पण काम साधं आहे. रेडिओची लहर असते ना, आणि आपल्याला दिसतो तो उजेड — या दोघांच्या मधली ही लहर. कागदातून जाते, कापडातून जाते, प्लास्टिकमधून जाते. आधी पेटी रिकामी ठेवून एक लहर सोडायची, ती पलीकडे कधी पोचली आणि किती जोरात पोचली ते बघायचं. मग मधे तुकडा ठेवायचा, आणि पुन्हा सोडायची. आता ती जरा उशिरा पोचते, जरा थकून पोचते. उशीर किती आणि थकवा किती — एवढंच. बाकी सगळा हिशेब संगणक करतो आणि आम्ही चष्मा पुसत उभे राहतो. तुकड्याची जाडी मात्र नीट मोजावी लागते, ती चुकली की सगळंच मुसळ केरात.

आता तुमचं कव्हर. म्हणजे तुमच्या मशीनवरचं. मघाशी तुम्ही सांगितलंत ते मला नीट कळलं, मी पुन्हा सांगतो, चुकलं तर थांबवा — मोठी लाँड्री, दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात, आणि त्या इस्त्री करायला दोन तापलेले रोलर, चादर एकीकडून घालायची, दुसरीकडून सपाट होऊन बाहेर. रोलरच्या तोंडाशी सेन्सर, तोही आमचीच लहर सोडणारा. कोणाचा हात फार जवळ गेला की सेन्सरला तो दिसतो आणि रोलर थांबतात. त्या सेन्सरवर हे पांढरं कव्हर, वाफ आणि तंतू आत जाऊ नयेत म्हणून. तुम्ही चादरीची चुणी सरळ करायला हात घातलात, रोज घालता तसा, रोज थांबतात तसे रोलर थांबतील म्हणून, आणि — हो. थांबले नाहीत. राहू द्या, पुन्हा सांगायची गरज नाही. पाणी देऊ? बाटली माझ्या कपाटात आहे, इथे उघड्यावर ठेवत नाही आम्ही. चहासुद्धा बाहेर जाऊन प्यावा लागतो.

आणि कंपनी म्हणते, बाईनंच सेन्सरवर फडकं टाकलं होतं. मशीन सारखं थांबतं, काम तुंबतं, म्हणून या बायका असं करतात — असंच म्हणाले ना? उद्या दुपारी चौकशी. बरोबर. आणि त्यांच्या हातात — त्यांच्याजवळ काय आहे, तर आमच्या प्रयोगशाळेचा आकडा. कव्हर तपासलेलं आहे, लहर त्यातून छान आरपार जाते, कव्हरमध्ये खोट नाही, सेन्सरमध्ये खोट नाही, मग राहिलं कोण? तुम्ही राहिलात. सरळ वजाबाकी. कंपनीनं हात वर केले आणि — माफ करा. तोंडातून गेलं. आपल्या बोलण्यात किती ठिकाणी हात येतात नाही, तुम्ही आल्यापासून मला कळतंय, मघापासून मी दोनदा गिळलाय.

त्यांनी कव्हर फेकून दिलं असतं, तुमच्या देखभालीच्या माणसानं ते उतरवून तुमच्यासाठी ठेवलं, भला माणूस. आणि मागे आमचं नाव छापलेलं बघून तुम्ही इथे आलात. साहजिक आहे. ज्यानं एकदा मोजलं त्यानं पुन्हा मोजावं. साहजिक आहे.

का सुकवायचं? — नाही, तुम्ही विचारलं नाहीत, पण बघताय ना तिकडे सारखं. तो लाल दिवा आहे ना, तो लागलाय म्हणजे ओव्हन चालू. ही आमची पद्धतच आहे. आजची नाही, माझ्या गुरूंपासूनची. आलेला नमुना आधी सुकवायचा, मग मोजायचा. का, तर प्रत्येक वस्तूत थोडं पाणी असतं, आणि ते आज एक, उद्या एक. पावसाळी हवेत वेगळं, कडक उन्हात वेगळं. मग तुमचा आकडा आणि दुसऱ्याचा आकडा जुळणार कसा? म्हणून सगळ्यांनी कोरडं करून मोजायचं, म्हणजे तुकड्याचा खरा स्वभाव कळतो. पाहुणा आला की आपण घर आवरतो ना, तसं. जगभर असंच करतात. यात लबाडी काही नाही. मी लबाडी हा शब्द वापरला का आत्ता? तुम्ही नाही वापरलात. बरं.

पण मग त्या घरात माणसं आवरलेली राहत नाहीत, हेही खरंच. तुमच्या त्या रोलरपाशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाफ. सकाळी मशीन थंड असतं तेव्हा सेन्सर झकास चालतो, तुम्ही म्हणालात, जरा हात पुढे केला की थांबतो, वैताग येतो इतका थांबतो. आणि दुपार कलली की मंदावतो. हे तुम्ही सहज सांगितलंत, बोलता बोलता, आणि मी त्या वेळी हातमोजे शोधत होतो. शोधत नव्हतो, माझ्या खिशातच होते ते. मला वर बघायचं नव्हतं. कारण ते मला माहीत होतं, तुम्ही सांगायच्या आधी माहीत होतं. हे प्लास्टिक पाणी पितं हो. नायलॉनच्या जातीचं आहे, दिसायला दगडासारखं, पण वाफेत ठेवलं की हळूहळू पीत राहतं, आणि प्यायलेलं पाणी आमच्या लहरीला गिळतं. सेन्सरची लहर जाताना त्या कव्हरमधून जाणार, हातावर आपटून परत येताना पुन्हा त्याच कव्हरमधून येणार, दोनदा मार खाणार, मग परत यायला उरणार काय? आणि काही परत आलं नाही की सेन्सरला काय वाटतं? समोर कोणी नाही. आंधळा झालाय हे त्या बापड्याला कळत नाही. त्याला वाटतं, कोणीच नाही. चालू दे.

कव्हर बनवणारा ओळखीचा आहे का? — हे मात्र विचारलंत तुम्ही. ओळखतो. म्हणजे थोडं. म्हणजे — मेहुणा आहे माझा. धाकटा मेहुणा. यात लपवण्यासारखं काय आहे, लोकांना मेहुणे असतात. बायकोचा धाकटा भाऊ. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा तो एवढासा होता, हिनं त्याला कडेवर घेऊन शाळेची पुस्तकं वाचली, लग्न होऊन आमच्या घरी आली ती त्याच्यासकट, हुंड्यात मेहुणा आला म्हणून मी चेष्टा करायचो. गोड माणूस आहे. देवमाणूस म्हणा. फक्त ज्याला हात — ज्याला शिवेल ते बुडतं. शोभेच्या माशांच्या टाक्या विकायला घेतल्या, पहिल्या आठवड्यात सगळे मासे पाठीवर. मधमाश्या पाळल्या, त्या शेजाऱ्याच्या गच्चीवर राहायला गेल्या, मध त्याला आणि डंख आम्हाला. प्रत्येक वेळी ही रात्री अंथरुणात जागी, मला कळायचं, नुसती जागी. मग त्यानं हे प्लास्टिक ओतायचं मशीन टाकलं आणि पहिल्यांदा काहीतरी चाललं. बादल्यांची झाकणं, बरण्यांची बुचं, आणि मग ही कव्हरं. लाँड्रीच्या मशीनवाल्यांना हवी होती. अट एकच, लहर आरपार जायला पाहिजे आणि तसं कुठल्यातरी प्रयोगशाळेनं सांगायला पाहिजे. आता कुठल्यातरी म्हणजे कुठल्या, तुम्हीच सांगा. घरातच प्रयोगशाळा असताना.

तुम्ही बसलायत ना, त्याच खुर्चीत बसला होता. तोही दचकला. कव्हर रुमालात गुंडाळून आणलं होतं, बाळ आणावं तसं. सुंदर होतं हो — दुधासारखं पांढरं, कडा इतक्या गुळगुळीत, मी बोट फिरवलं आणि म्हटलं, अरे, हे तू केलंस? तर लाजला. एवढा बाप्या माणूस, दोन पोरांचा बाप, लाजला. मग मी जाडी मोजली, पेटी कोरडी केली, रिकामी मोजली, तुकडा ठेवून मोजला. नेहमीसारखं. आणि आकडा चांगला आला. चांगला म्हणजे उत्तम. असं झालं ते.

— नाही. असं नाही झालं.

तुम्ही असं का बघताय? तुम्ही काहीच बोलत नाही, हेच मला — वकील असता, इन्स्पेक्टर असता, तर मी नीट बोललो असतो, ठरवून बोललो असतो. बरं, ऐका. आधी मी सुकवलं नव्हतं. पद्धत आहे सुकवायची, मान्य, पण घरचा माणूस होता, घाई होती, संध्याकाळी दोघांना मिळून घरी जायचं होतं, ही वाट बघत होती — म्हणून म्हटलं, एकदा आहे तसं ठेवून बघू. हे त्याच्या कारखान्यातल्या दमट खोलीतून आलेलं, साच्यातून काढून पाण्यात गार केलेलं. आणि आकडा आला तो इतका वाईट की मला वाटलं तुकडा तिरका बसलाय. काढून पुन्हा ठेवला, पुन्हा तोच. मी त्याच्याकडे वळलो. त्याला आकड्यातलं काही कळत नाही, पण माझ्या तोंडावरून कळलं. माशांच्या वेळी जसा उभा होता तसा उभा राहिला. म्हणाला, भावोजी, जरा सुकवून बघता का? तुमची पद्धत आहे ना तशी?

आणि होती ना पद्धत. खोटं कुठे बोलत होता. त्यानं मला माझाच नियम दाखवला आणि मी म्हटलं, हो रे, राहिलंच, सुकवायला पाहिजे. रात्रभर ठेवलं, सकाळी मोजलं, आकडा उत्तम. तोच कळवला. कळवताना एक वाक्य घालायचं असतं, नमुना कोरडा करून मोजला आहे, दमट जागी वेगळा वागेल. एवढं एक वाक्य. मी घातलं होतं. मग काढलं. कोणी काढायला सांगितलं नाही, त्यानं नाही, हिनं नाही, मी एकटा होतो खोलीत. मनाशी म्हटलं, मशीनवाल्यांना कळतं सगळं, आपण कशाला त्यांना शिकवायचं. आणि रविवारी जेवताना ही मला वाढता वाढता म्हणाली, तुमच्यामुळे त्याचं झालं हो. इतक्या वर्षांत मला असं कधी म्हणाली नव्हती. मी दोनदा भात घेतला. मला लाज वाटायला हवी होती, मला आनंद झाला. तेव्हा खरंच आनंद झाला.

प्लास्टिक बदलता आलं असतं. दुसरं मिळतं, पाणी न पिणारं, पण त्याच्या मशीनमध्ये ते नीट ओतलं जात नव्हतं, तडे जायचे. मी म्हणायला हवं होतं, थांब, दुसरं मशीन बघू, वेळ लागला तर लागू दे. तो थांबला असता. माझं ऐकतो तो. तेच तर आहे ना, तो माझं सगळं ऐकतो.

— फोन? नाही, माझाच वाजतोय, वाजू दे. घरून आहे. ती विचारणार, आली होती का ती बाई. हो — तुम्ही. तुम्ही येणार हे आम्हाला माहीत होतं. मेहुण्याचा काल फोन आला, आवाज असा की ओळखू येईना, म्हणाला, भावोजी, त्या लाँड्रीतली बाई कव्हर घेऊन तुमच्याकडेच येणार आहे म्हणे, तुम्ही आधी सुकवून घ्या हं, नेहमीसारखं. नेहमीसारखं. आणि मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, बघतो.

बघतो म्हटलं आणि सकाळी येऊन पहिलं काम काय केलं, तर ओव्हन तापवून ठेवला. तुम्ही यायच्या आधी. तुम्ही पिशवी माझ्या हातात दिलीत, वरून गाठ मारलेली, आणि ती आतून घामेजली होती. बारीक बारीक थेंब. मी पाहिले. आमच्याकडे साधा नियम आहे, कुठलाही नमुना ओव्हनमध्ये जायच्या आधी वजन करायचं, तो काचेच्या दारांचा काटा त्याच्यासाठीच आहे, आधी वजन, नंतर वजन, फरक म्हणजे पाणी. नवीन येणाऱ्याला मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो, न विसरता. आणि आज तुम्हाला म्हटलं, तुम्ही बसा हं, मी एवढं ठेवून येतो, आणि काट्यासमोरून पुढे गेलो. विसरलो नाही. माझा हात काट्याकडे गेला होता सवयीनं, मी तो परत घेतला.

म्हणजे उद्या सकाळी काय झालं असतं? मी मोजलं असतं, आकडा उत्तम. मी खोटं एक अक्षर बोललो नसतो. माझी सही, माझी पद्धत, माझ्या गुरूंची पद्धत. आणि तुम्ही उद्या दुपारी तिथे उभ्या राहून सांगत बसल्या असता, नाही हो, फडकं नव्हतं टाकलं मी, आणि तुमच्याकडे असं बघितलं असतं सगळ्यांनी की तुम्हालाच वाटायला लागलं असतं, टाकलं होतं की काय. नोकरी जाते, ती जाते. पण ते वाटायला लागणं — ते मला कळतं. कालपासून मी स्वतःलाच सांगतोय की आधी मोजलेलं मोजलंच नव्हतं, तुकडा तिरकाच बसला होता. आणि आज सकाळपर्यंत मला जवळजवळ पटलं होतं.

तुमच्या जागी कोण आहे आता रोलरवर? — कोण? तुमच्या बहिणीची जाऊ? म्हणजे तुमच्याच ओळखीनं लागलेली. आणि कव्हर? — नवीन बसवलं. अर्थात. नवीनच बसवणार. त्याच खोक्यातलं, पांढरं, मागे आमचं नाव. आणि फक्त तुमच्याकडे नाही, मेहुण्यानं ही किती ठिकाणी दिलीत मला माहीत नाही, मी विचारलं नाही, तो उत्साहानं सांगत होता आणि मी वर्तमानपत्र वाचत होतो. सगळीकडे वाफ. सगळीकडे दुपार कलतेच की. आता या घडीला सुद्धा — कोणीतरी चुणी सरळ करत असेल.

उठा. नाही, तुम्ही बसा, मी उठतो. हा दिवा गेला बघा. बंद केला. दार उघडतो, वाफ नाही दिसणार, भिऊ नका. कितीसा वेळ झाला — तुम्ही आलात, मी वटवट लावली — फार नाही झालेला. वरवरचं गेलं असेल, आतलं आहे अजून, हे सावकाश पितं आणि सावकाशच सोडतं, म्हणून तर रात्रभर ठेवावं लागतं. आता वजन करतो, उशिरा का होईना. बघा तुम्हीही, या इकडे, काट्याचा आकडा तुम्ही बघायचा, मी नाही. माझ्यावर विश्वास नको. आता या पिशवीचं तोंड उघडं धरा — नाही, तुम्ही कसं धरणार, थांबा, मी धरतो, मीच टाकतो चिमट्यानं, गरम आहे. हं. गाठ मारली. घट्ट मारलीय. वाटेत कोणाला सोडू देऊ नका.

इथे नाही मोजायचा. नाही, मी मोजणार नाही. मी आज चांगला वागतोय म्हणून तुम्हाला वाटेल आता हा मोजेल, हा बरा माणूस दिसतो — अहो, हा तुकडा माझ्याकडे राहिला आणि मी संध्याकाळी घरी गेलो, आणि ही नुसती समोर येऊन बसली, काही बोलली नाही, नुसती बसली, तर मी परत येऊन ओव्हन लावीन. मला मी ठाऊक आहे. तेव्हा घेऊन जा. मोठ्या दवाखान्याच्या मागच्या गल्लीत दुसरी प्रयोगशाळा आहे, पहिल्या मजल्यावर, तिथे एक बाई आहेत, महा तुसड्या, माझं आणि त्यांचं कधी पटलेलं नाही, म्हणूनच सांगतोय. पण त्याही काय करतील? पिशवी उघडतील आणि ओव्हनकडे जातील. मनात काही नसताना जातील, सवयीनं. आमच्यात सगळे तेच करतात. तिथे तुम्हाला बोलावं लागेल. तुम्ही फार बोलत नाही, ठीक आहे, एवढंच बोला — आहे तसा मोजा, सुकवू नका. त्या म्हणतील, पद्धत आहे. तुम्ही पुन्हा तेच म्हणायचं. त्या चष्म्यावरून बघतील. बघू देत.

उद्या चौकशीला मी येईन असं म्हणत नाही. म्हटलं आणि नाही आलो तर? पण त्या बाईंचा आकडा आला की मला विचारायला येतीलच कोणीतरी, आधीच्या मोजणीबद्दल, आणि तेव्हा मी नाही म्हणणार नाही. तेवढं जमेल. बहुतेक जमेल. मेहुण्याला आज मी सांगतो, खोकी परत मागव म्हणून, आत्ता, तुम्ही गेलात की लगेच. तो रडेल. हिला काय सांगायचं ते मला माहीत नाही.

म्हणून दाखवा बघू एकदा. काय म्हणायचं तिथे?

— ऐकू नाही आलं.

— मोठ्यानं. इथे बोललं तर चालतं आता, पेटीत काही नाहीये.

— हं. आता एकदा माझ्याकडे बघून म्हण. मान खाली घालून नको, बाळा, तू काही केलेलं नाहीस. मी त्या दुसऱ्या प्रयोगशाळेतली बाई आहे असं समज. मी आता हा तुकडा घेऊन ओव्हनकडे निघालोय. म्हण.

— हो. असंच.

जा आता. जिन्याचा कठडा उजव्या बाजूला आहे, तो धर. दार राहू दे, मी लावतो. आणि मागे वळून आभार वगैरे मानू नकोस, तेवढं मला सोसायचं नाही. जा.